रोल बारवरचं पॅडिंग काढावं का? काढा, पण पाईप उघडा ठेवू नका

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. गाडी 2014 ची सॉफ्ट टॉप थार, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं आतून सहा पायांचा रोल केज, म्हणजे पोलादी पाईपांचा सांगाडा, बसवून घेतलाय आणि त्यावर काळ्या रेक्झिनचं पॅडिंग आहे. ते उन्हानं तडकलंय. पावसाळ्यात भिजलं की चार-चार दिवस वाळत नाही आणि गाडीत कुबट वास भरतो. ते सगळं काढून टाकावं, पाईपला पावडर कोटिंग करावं आणि केज तसाच मोकळा ठेवावा, असं तुमच्या मनात आहे. गाडी रोज कोल्हापुरातून शिरोली एमआयडीसीत कामावर जाते. सुटीला मसाई पठार, पन्हाळ्याच्या मागच्या वाटा, कधी गगनबावडा. आणि शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की मागच्या आडव्या सीटांवर नऊ आणि बारा वर्षांची मुलं बसतात.

मी उद्यमनगरात बावीस वर्षं जीप, जिप्सी आणि थारच्या चासी-बॉडीची कामं करतो. केज बनवलेत, दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्त केलेत, आणि काही कापून बाहेर काढून भंगारात घातलेत. त्यातून जे कळलं ते सांगतो.

उत्तर आधी. पॅडिंग काढाच. कुजलेला फोम ठेवून काही उपयोग नाही, आणि त्याच्या आत पाईपचं काय झालंय ते तुम्ही बघितलेलं नाही. पण डोकं पोचेल अशा ठिकाणचा पाईप उघडा ठेवून गाडी रस्त्यावर आणू नका. रंग वाळेपर्यंत दोन दिवस लागले तर दोन दिवस गाडी उभी राहू दे. आणि मुलांच्या सीटांचा विषय पॅडिंगनं सुटणारा नाही, त्यावर खाली वेगळं लिहितो.

तुम्ही प्रश्न गाडी कशी दिसेल असा विचारलाय. मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात: गाडीला धक्का बसला तर कुणाचं डोकं कुठे आपटणार, आणि फोमच्या खालचा पाईप खरंच केज म्हणण्याच्या लायकीचा आहे का.

पहिल्यापासून सुरू करू. केज गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून असतो. पण गाडी उलटणं ही क्वचितची गोष्ट. आपल्याकडे जास्त वेळा काय होतं? उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कुणी अचानक ब्रेक मारतो, कुणी मागून येऊन ठोकतो, चौकात कुणी बाजूनं घुसतो. अशा अपघातात कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीत डोक्याजवळ काय असतं? कापडी हूड, प्लॅस्टिक, थोडी मोकळी जागा. तुमच्या गाडीत डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर पोलादी पाईप आहे. म्हणजे उलटण्यापासून वाचायला जी वस्तू बसवली, तीच रोजच्या अपघातात डोक्याच्या सगळ्यांत जवळची कठीण वस्तू झाली. पॅडिंग या दुसऱ्या धोक्यासाठी असतं. ते काढलंत की केजचा फायदा तेवढाच राहतो आणि तोटा कितीतरी वाढतो.

किती वाढतो याचा हिशेब करून बघू. डोकं ताशी 18 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगानं पाईपवर आपटलं असं धरा. हा वेग फार नाही. सव्वा मीटरवरून नारळ खाली पडला तर जमिनीला लागताना त्याचा वेग एवढाच असतो. उघडा पाईप काही दबत नाही. कातडी आणि केस मिळून तीनेक मिलीमीटर दबतील असं समजा. एवढ्याशा अंतरात हा वेग शून्यावर आणायचा तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या 400 पटींहून जास्त झटका बसतो. तिथं 25 मिलीमीटरचा चांगला फोम असला आणि तो 15 मिलीमीटर दबला, तर हाच झटका 85 पटींच्या आसपास येतो. धक्का तोच, डोकं तेच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा. त्यात पाईप गोल असतो, त्यामुळे सगळा जोर बोटाएवढ्या रुंद पट्ट्यावर येतो. सपाट पत्र्यावर आपटणं आणि पाईपवर आपटणं यात म्हणूनच इतका फरक पडतो.

हे मला हिशेबानं कळलं नाही, एका गिऱ्हाइकामुळे कळलं. त्याची जिप्सी होती, रोल बार मीच बसवला होता, पॅडिंगही नीट होतं. काही महिन्यांनी तो आतून एक लाईट लावून घ्यायला आला. क्लॅम्प बसायला वरच्या पाईपवरचा फूटभर फोम कापावा लागणार होता. मी कापला. गगनबावड्याच्या बाजूला जांभ्याच्या उतारावर त्याची गाडी अगदी हळू, माणूस चालेल त्या वेगानं, कुशीवर आडवी झाली. रोल बारनं आपलं काम चोख केलं, काच सुद्धा शाबूत राहिली. पण शेजारी बसलेल्या त्याच्या भावाची कानशिलाजवळची बाजू नेमकी त्या फूटभर उघड्या पाईपवर आपटली. नऊ टाके पडले, आणि तो बरेच दिवस चक्कर येते म्हणत होता. बाकीच्या सगळ्या पाईपवर फोम होता. तेव्हापासून कुणी लाईट, स्पीकर, वॉकीटॉकी लावायला फोम काप म्हणालं की मी आधी गाडीत बसून डोकं कुठवर जातं ते बघतो, आणि जागा चुकीची असली तर काम घेत नाही. त्या दिवशी मी ते बघायला हवं होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण प्रत्येक गाडीला एकच उत्तर नाही. गाडीत दोनच माणसं बसतात, दोघं हेल्मेट आणि हार्नेस (खांद्यांवरून येणारा अनेक पट्ट्यांचा बेल्ट) घालतात आणि गाडी फक्त बंद ट्रॅकवर चालते, तर कुठला फोम आणि किती याचा विचार वेगळा. रेसिंगमध्येही पाईप उघडा नसतोच. एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेचा नियम असा आहे की चालकाचं शरीर जिथं लागू शकतं तिथं आग न धरणारं पॅडिंग हवं, आणि हेल्मेट जिथं लागू शकतं तिथं 8857-2001 टाईप ए या प्रमाणाचं. हेल्मेट, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि मानेला आधार असलेल्या माणसालाही पॅडिंग लागतं, तर टोपी घालून कामावर जाणाऱ्या माणसाला नको हे कसं पटायचं?

पण सगळा केज मढवायलाच हवा असंही नाही. मागच्या तिरक्या पाईपांचा खालचा भाग, सीटच्या मागं पायाजवळचे तुकडे, सामानाच्या जागेतले पाईप, जिथं कुणाचंही डोकं, गुडघा किंवा कोपर पोचत नाही, ते खुशाल उघडे ठेवा. तिथं फोम असला तर उलट पाणी धरून ठेवतो. केज दिसावा ही तुमची हौस तिथं भागेल. आणखी एक जागा मुद्दाम उघडी ठेवायची असते: खांद्याच्या पट्ट्या ज्या आडव्या पाईपला गुंडाळतात ती. तिथं पट्ट्याखाली फोम आला तर धक्क्याच्या वेळी तो दबतो आणि बेल्ट तेवढा ढिला पडतो.

कुठं डोकं पोचतं हे अंदाजानं ठरवू नका. सीटवर नेहमीसारखे बसा, बेल्ट लावा, आणि दुसऱ्या माणसाला बेल्ट चार बोटं ढिला धरायला सांगा, कारण जोराच्या धक्क्यात पट्टा ताणतो आणि अंग सीटवरून उचललं जातं. मग पुढं, बाजूला, मागं, तिरकं जमेल तेवढं वाका. डोकं जिथवर जाईल त्याच्या पुढं आणखी एक वीत जागा धरा. त्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक पाईपवर खडूनं खूण करा. गाडीत बसणारा सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटका, दोघांनाही बसवून बघा. मागचा मुख्य हूप, म्हणजे सीटांमागची पाईपची उभी कमान, विसरू नका. मागून ठोकर बसली की डोकं मागं जातं, आणि सीटला हेडरेस्ट नसेल किंवा सीट मागं सरकवलेली असेल तर ते थेट हूपवर जातं. पुढच्या पायाचा पाईप डॅशबोर्डच्या कडेनं खाली येतो, तिथं चालकाचा गुडघा लागतो, तोही मढवा.

या तपासणीत एखादा पाईप डोक्यापासून मूठभर अंतरावरच निघाला तर मात्र पॅडिंगवर विसंबू नका. तिथं 25 मिलीमीटर फोम लावला तर डोकं सरळ बसतानाच त्याला टेकेल. असा केज मुळात चुकीच्या मापाचा आहे आणि तो बदलायला हवा. दुसऱ्या गाडीच्या मापावरून केलेले किंवा हूडच्या सांगाड्याला लागू नये म्हणून आत ओढलेले केज असे निघतात.

आता दुसरा प्रश्न, फोमखालचा पाईप. मला तुमच्या गाडीत याचीच जास्त काळजी वाटते. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याइतका पाऊस दुसरीकडे नाही, आणि तुमची गाडी कापडी टपाची. तुम्ही म्हणताय की फोम चार दिवस वाळत नाही. म्हणजे तो उघड्या छिद्रांचा, गादीतल्यासारखा फोम आहे आणि वर्षानुवर्षं ओल्या पोत्यासारखा पाईपला चिकटून राहिलाय. आत लाल गंज असणार हे धरूनच चला. तो वरवरचा आहे की पाईप खाल्लाय, ते बघायचंय.

काढताना ब्लेडनं पाईपपर्यंत खोल चीर मारू नका, पाईपवर ओरखडे पडतात आणि गंज तिथूनच धरतो. शिवण उसवा, रेक्झिन सोला, मग फोम हातानं ओढा. चिकटवलेलं असेल तर जुन्या फेव्हिकॉल एसआरसारख्या गोंदाचा थर राहतो, तो थिनर आणि बोथट पट्टीनं काढा. हीट गन चालेल, पण ज्वाला लावून जाळायचा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका. पॉलियुरेथेन फोम जळताना निघणारा धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सायनाईड दोन्ही असतात. आणि याच कारणानं गाडीत साधा गादीचा फोम नको. जुने तुकडे फेकू नका, त्यांवर आकडे घाला, नवं कव्हर शिवायला मापं तयार मिळतात.

पाईप मोकळा झाला की रंगाआधी तपासणी. वायर ब्रशनं घासा आणि तीन ठिकाणी नीट बघा: पायाजवळ, बेंडवर आणि जोडांवर. पायाजवळ पाणी साठतं. तिथं छोट्या हातोडीनं टकटक करत वर जा. आवाज बसका झाला तर पत्रा पातळ झालाय किंवा आत पाणी आहे. खात्री हवी तर अल्ट्रासॉनिक मीटरनं पाईपची जाडी मोजून घ्या. बेंडवर आतल्या बाजूला घड्या पडल्यात का, पाईप चपटा झालाय का बघा. व्हर्नियर लावा. एफआयएच्या नियमात बेंडवरचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या 0.9 पटीपेक्षा कमी चालत नाही. आपल्या गाडीला तो नियम लागू नाही, पण चांगलं काम कशाला म्हणायचं याचं माप म्हणून मी तोच वापरतो. वाळू न भरता किंवा चुकीच्या डायवर वाकवलेले पाईप या एका मापात सापडतात.

जोडांवरचे बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. इथं कोल्हापूरचा फायदा घ्या. आपल्याकडे इतक्या फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत की डाय पेनिट्रंट टेस्ट करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. जोड साफ करायचा, लाल डाय मारायचा, दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कास्टिंगवर रोज होणारी ही तपासणी केजवर करायला अर्धा दिवस पुरतो. तुम्ही स्वतः एमआयडीसीत आहात, कुणी ना कुणी ओळखीचा निघेल.

पाईप कसला आहे तेही बघून घ्या. एफआयएच्या नियमात मुख्य हूपला 45 मिलीमीटर व्यासाचा 2.5 मिलीमीटर जाडीचा किंवा 50 बाय 2 चा सीमलेस, म्हणजे लांबीत जोड नसलेला, पाईप लागतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाड्यांत बहुतेक ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वळवून लांबीत वेल्ड केलेला, पाईप असतो. जाडी आणि वेल्डिंग चांगलं असेल तर मी त्याला लगेच नाव ठेवत नाही. पण घासल्यावर आत पाण्याच्या लाईनचा जस्त चढवलेला जीआय पाईप निघाला, तर तो केज नाही. जस्तावर केलेल्या वेल्डिंगमध्ये हवेची भोकं राहतात, आणि पाईपच्या आतलं जस्त कुणालाच साफ करता येत नाही. फर्निचरच्या पातळ पाईपचे केजही मी कापून काढलेत.

पायाच्या प्लेटा बघायला चटई उचला. केजचा पाय नुसता फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्टनं आवळलेला असेल तर गाडी उलटल्यावर तो पत्रा फाडून खाली जातो. पत्र्याच्या खालून आधाराची प्लेट हवी. तुलनेसाठी, स्पर्धेच्या नियमात ही प्लेट किमान 3 मिलीमीटर जाड आणि 120 चौरस सेंटीमीटर असते, आणि प्रत्येक पायाला 8.8 ग्रेडचे किमान तीन एम-8 बोल्ट. तुमच्या गाडीत यातलं काहीच नसेल, तर पॅडिंगवर खर्च करण्याआधी तो इथं करा.

तपासणीत केज नापास झाला तर माझा सल्ला ऐकायला कडवट वाटेल: काढून टाका. उलटल्यावर न टिकणारा केज आणि डोक्याजवळचा पाईप, यात तुम्हाला फक्त धोकाच मिळतो. कमकुवत केज असण्यापेक्षा केज नसलेली गाडी, नीट लावलेला बेल्ट आणि सांभाळून चालवणं मी केव्हाही पसंत करेन.

पास झाला, तर रंग. पावडर कोटिंगला भट्टीत 180 ते 200 अंशांवर भाजावं लागतं, म्हणजे केज गाडीबाहेर यायला हवा. बोल्टवरचा असेल तर जमेल. बॉडीला वेल्ड केलेला असेल तर तो विचार सोडा. गंज काढून इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू रंग, हे गाडीतच होतं आणि छान टिकतं. कोटिंगवाल्याकडे न्यायच्या आधी वरची तपासणी झालेली असू दे, कारण जाड पावडरखाली तडा झाकला जातो. जिथं पुन्हा फोम बसणार तिथं रंगाकडे दुर्लक्ष करू नका. दिसत नाही म्हणून तिथं एकच हात मारतात, आणि पाणी तिथंच थांबतं.

नवं पॅडिंग कुठलं हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि यात मी स्वतः बरीच वर्षं चुकलोय. मी एसीच्या पाईपवर चढवतात ती काळी नायट्राईल रबरची नळी वापरायचो. स्वस्त, गोल, पाणी धरत नाही, दिसायला सुबक. पण ती थंडावा अडवायला बनवलेली आहे. अंगठ्यानं दाबली की पाईप बोटाला लागतो, मग डोक्याला लागणार नाही का? दुसऱ्या टोकाला रेसिंगचं पॅडिंग, अमेरिकेतल्या एसएफआय या संस्थेच्या 45.1 प्रमाणाचं किंवा वर सांगितलेलं एफआयए टाईप ए. ते हाताला लाकडासारखं कडक लागतं, कारण ते हेल्मेटसाठी केलेलं आहे. हेल्मेटचं कवच जोर पसरवतं, मग कडक फोम हळूहळू चेपतो. उघड्या डोक्याला तेच पॅडिंग फार कडक पडतं. दुकानदार प्रमाणपत्र दाखवेल, ते खोटं नसेल, पण ते तुमच्या वापराचं नाही.

तुम्ही हेल्मेट घालत नाही, म्हणून मी दोन थर सुचवतो. पाईपला लागून बंद छिद्रांचा घट्ट फोम, क्रॉसलिंक किंवा चांगल्या प्रतीचा ईव्हीए, 25 मिलीमीटरच्या आसपास. त्यावर 10 मिलीमीटर मऊ थर. भोक मध्यभागी नसलेलं, एका बाजूला जाड असलेलं पॅडिंग मिळालं तर उत्तम. जाड बाजू डोक्याकडे करा. घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पाईपवर ठेवून अंगठ्यानं पूर्ण जोरानं दाबा. पाईप जाणवला तर नको. आणि एक तुकडा बाहेर मोकळ्यात लायटरवर धरा. लायटर बाजूला केल्यावर विझला तर ठीक. जळत राहिला आणि पेटलेले थेंब गळायला लागले तर तो फोम गाडीत नको, मग तो कितीही मऊ आणि सुंदर असो.

बसवताना फोम पाईपवर फिरता कामा नये, नाहीतर पातळ बाजू कधी डोक्याकडे येईल कळणार नाही. झिप टाय वापरत असाल तर त्यांची डोकी आणि कापलेली टोकं माणसांच्या उलट बाजूला घ्या. कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं. कव्हर अस्तर नसलेल्या रेक्झिनचं किंवा पीव्हीसी ताडपत्रीच्या कापडाचं, शिवण खालच्या बाजूला, आणि ती शिवून बंद न करता वेल्क्रोची. खालच्या टोकाला पाणी निघायला फट सोडा. वेल्क्रो एवढ्यासाठी की कव्हर वर्षातून दोनदा उतरवता यावं: मृगाआधी एकदा, आणि खंडेनवमीला गाडी धुता तेव्हा एकदा. तेव्हा पाईपवर हात फिरवा, गंजाचा ठिपका दिसला तर तिथल्या तिथं टचअप करा.

म्हणजे क्रम असा: काढा, तपासा, दुरुस्त करा किंवा केजच काढून टाका, रंगवा, खडूच्या खुणांच्या जागा मढवा, उरलेलं उघडं ठेवा.

आता मुलं. आडव्या सीटांवर बसणाऱ्याची पाठ गाडीच्या बाजूला आणि डोकं थेट बाजूच्या पाईपखाली किंवा त्याला टेकून असतं. तिथं तीन बिंदूंचा बेल्ट नाही. ब्रेक लागला की मूल पुढच्या दिशेला, म्हणजे स्वतःच्या कुशीकडे घसरतं आणि वाटेत जो पाईप येईल तो डोक्याला लागतो. ज्याला बेल्ट नाही त्याचं अंग किती जोरात आणि कुठं जाईल याला हिशेब नाही, म्हणून तिथं मी कितीही चांगलं पॅडिंग केलं तरी तुम्हाला सुरक्षित म्हणून सांगू शकत नाही. मसाई पठारावर जायचं असेल तर मुलांना दुसऱ्या गाडीत, समोर तोंड करून बेल्ट लावून बसवा. घरात दुसरी गाडी नसेल तर त्या दिवशी ट्रेल नको, साध्या रस्त्यानं पन्हाळ्याला जा आणि मुलांसाठी बेल्ट असलेली गाडी कुणाची तरी मागून न्या. मला माहीत आहे की मुलांना मागच्या उघड्या सीटाच आवडतात. तरीही.

कायद्याचं थोडक्यात. फोमबद्दल कुणी अडवणार नाही, पण नंतर बसवलेला केज हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल मर्यादित आहेत, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ रचनेत बदल चालणार नाही असा निकाल दिलाय, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा दावा करताना हा मुद्दा निघू शकतो. गाडी सेकंडहँड घेतलीत, तर आरसी पुस्तकात काय नोंद आहे ते बघा आणि विमा कंपनीला केज आहे हे लेखी कळवा.

फोम सोललात की मला चार फोटो पाठवा: एका पायाजवळचा चटई उचलून, एका बेंडचा व्हर्नियर लावून, मुख्य हूपवरच्या जोडाचा जवळून, आणि तुम्ही चालकाच्या सीटवर बसलेले असताना बाजूनं काढलेला, डोकं आणि पाईप दोन्ही दिसतील असा. चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. तो बघून केज ठेवायचा की नाही हे नक्की सांगता येईल, आणि फोम किती मीटर लागेल तेही.